मासा जगला पाहिजे, माणसाचे काय? : गटारात काय सोडावे याच्या नियमांचा इतिहास



गटारात उतरलेला सफाई कामगार मेला की आपण ठरलेले प्रश्न विचारतो. ठेकेदार कोण? मास्क दिला होता का? गुन्हा कोणत्या कलमाखाली दाखल झाला? वारसांना भरपाई कधी मिळणार? हे प्रश्न बरोबर आहेत आणि ते विचारलेच पाहिजेत. पण एक प्रश्न आपण जवळजवळ कधीच विचारत नाही. ज्या वायूने तो माणूस मेला, तो वायू त्या गटारात आला कुठून? गटारात काय सोडायचे आणि काय नाही, याचे काही नियम आहेत की नाहीत?

नियम आहेत. पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ यांना एक अनुसूची ६ जोडलेली आहे. प्रदूषके सोडण्याची सर्वसाधारण मानके तिच्यात दिली आहेत. सांडपाण्याच्या तक्त्यात चार रकाने आहेत : नदी-नाल्यासारखे जमिनीवरचे पाणी, सार्वजनिक मलवाहिनी, सिंचनाची जमीन आणि समुद्रकिनारा. कारखान्याचे पाणी यांपैकी जिथे जाईल, त्या रकान्यातली मर्यादा त्याला लागू होते.

हा तक्ता प्रत्येक कार्यकर्त्याने एकदा तरी वाचावा. त्यात सल्फाइडची एक ओळ आहे. नदीत सोडायच्या पाण्यात सल्फाइड लिटरला २ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. समुद्रात ५ पेक्षा जास्त नको. मलवाहिनीच्या रकान्यात मात्र आडवी रेघ आहे. म्हणजे मर्यादाच नाही. गटारात माणसाचा जीव घेणारा मुख्य वायू हायड्रोजन सल्फाइड आहे, आणि नेमकी त्याचीच जागा रिकामी आहे.

त्याच तक्त्यात माशांच्या चाचणीचीही ओळ आहे. न मिसळलेल्या, शंभर टक्के सांडपाण्यात मासे ठेवायचे आणि ९६ तासांनंतर त्यातले ९० टक्के मासे जिवंत असले पाहिजेत. ही अट चारही रकान्यांत आहे, मलवाहिनीच्या रकान्यातही आहे. गटारात मासे नसतात. गटारात माणूस उतरतो. तक्त्यात मासा आहे, माणूस नाही.

हे कुणाच्या विसरभोळेपणामुळे झाले असे मला वाटत नाही. गटाराच्या नियमांचा इतिहास पाहिला तर कायद्याने कोणाची काळजी घेतली आणि कोणाला गृहीत धरले, हे स्पष्ट दिसते.

लंडनचे कलम आणि मुंबईचा कर

आपल्या शहरांची गटारे इंग्रजी नमुन्यावर बांधली गेली आणि त्यांचे कायदेही तिकडूनच आले. म्हणून सुरुवात लंडनपासून करावी लागते. लंडनमध्ये १८१५ पर्यंत घरातला मैला सार्वजनिक गटारात सोडायला मनाई होती. गटार पावसाच्या पाण्यासाठी होते आणि मैला घराखालच्या खड्ड्यात साठायचा. १८१५ मध्ये ती मनाई उठली. १८४८ पर्यंत तर घरे गटाराला जोडण्याची सक्ती झाली. तो सगळा मैला थेम्स नदीत गेला. १८५८ च्या उन्हाळ्यात नदीची दुर्गंधी थेट संसदेत पोहोचली, तेव्हा कुठे जोसेफ बाझलजेट यांच्या मोठ्या गटार योजनेला पैसा मिळाला.

पुढे गटार ही महागडी सार्वजनिक मालमत्ता झाली आणि तिला जपणारे कायदे आले. इंग्लंडच्या १९३६ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यातले कलम २७ पाहा. गटाराला इजा करणारे, त्यातला प्रवाह अडवणारे किंवा शेवटच्या प्रक्रियेत अडथळा आणणारे काही गटारात टाकू नये, ही त्याची पहिली अट आहे. त्यानंतर ११० अंश फॅरनहाइटपेक्षा गरम पाणी, धोकादायक रासायनिक कचरा, पेट्रोल आणि कॅल्शियम कार्बाइड यांचा उल्लेख येतो. 'आरोग्याला अपायकारक' असे शब्दही आहेत, पण ते मोघम आहेत. गटारात काम करणारा कामगार वेगळा करून कुठेही सांगितलेला नाही. स्वातंत्र्यानंतर आलेल्या दिल्ली महानगरपालिका कायद्यात, १९५७ मध्ये, हीच रचना जवळपास तशीच उचलली गेली. पाइप, प्रवाह आणि प्रक्रिया हा क्रम आपल्याकडे असा रुजला.

पण आपल्याकडे या क्रमात जातीची भर पडली. मुंबईत १८६५ मध्ये आर्थर क्रॉफर्ड पहिले म्युनिसिपल कमिशनर झाले. तेव्हा शहराचा मैला टोपल्यांतून माणसेच वाहत होती. त्यांना हलालखोर म्हणत. हे एका कामाचे नाव होते आणि एका जातसमूहाचेही. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्यात मालमत्ता कराच्या जोडीला पाणीपट्टी होती आणि 'हलालखोर कर'ही होता. मैला उचलण्याच्या सेवेसाठी घेतल्या जाणाऱ्या कराला कायद्याने थेट जातीचे नाव दिले होते. आज मुंबईकराच्या बिलावर 'मलनिःसारण कर' असे सभ्य नाव दिसते. नाव बदलले, पण ज्यांच्या श्रमावर ती सेवा उभी राहिली, ती माणसे कोणत्या वस्त्यांतून येतात ते बदलले नाही.

गोष्ट नीट लक्षात घ्या. टोपली गेली, फ्लशचे संडास आले, भूमिगत गटारे आली. यंत्राने जात संपायला हवी होती. झाले असे की जो माणूस टोपली घेऊन संडासामागे उभा राहायचा, त्यालाच शहराने मॅनहोलमध्ये उतरवले. बाबासाहेबांनी १९४५ च्या 'काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले' या ग्रंथात हाच मुद्दा मांडला आहे. इथे भंगी हा कामामुळे ठरत नाही, जन्मामुळे ठरतो. या कामाला सेवा आणि पुण्य म्हणून गौरवणे हा त्यांच्या दृष्टीने त्या माणसाची क्रूर थट्टा करण्याचा प्रकार होता. मुंबईतल्या म्युनिसिपल कामगारांची संघटना बाबासाहेबांनी बांधली, ती यासाठीच. हा प्रश्न दयेचा नव्हता, हक्काचा होता.

गटारात वायू कसा तयार होतो

आता थोडे विज्ञान. ते समजल्याशिवाय अधिकाऱ्यासमोर आपण बोलू शकत नाही.

गटारात पाणी संथ झाले की गाळ बसतो. त्या गाळात आणि पाइपच्या आतल्या बुळबुळीत थरात प्राणवायू नसतो. तिथले जिवाणू पाण्यातल्या सल्फेटपासून सल्फाइड बनवतात. पाणी आम्लधर्मी असेल तर ते सल्फाइड वायू होऊन बाहेर पडते. पाण्याचा सामू ७ असेल तर विरघळलेल्या सल्फाइडपैकी साधारण निम्मे वायू होऊन निसटू शकेल अशा अवस्थेत असते. सामू ६ वर आला की ते प्रमाण सुमारे ९० टक्क्यांवर जाते. अनुसूचीत मलवाहिनीसाठी सामूची मर्यादा ५.५ ते ९ आहे. म्हणजे ५.५ सामूचे पाणी सोडणारा कारखाना नियमात बसतो. पाणी गरम असेल तर ही सगळी प्रक्रिया आणखी वेगाने होते.

हा वायू हवेपेक्षा जड असतो, म्हणून मॅनहोलच्या तळाशी साचतो. कमी प्रमाणात त्याला सडक्या अंड्याचा वास येतो. हवेच्या दहा लाख भागांत त्याचे १०० भाग झाले की नाक काही मिनिटांत बधिर होते आणि वास येणेच थांबते. कामगाराला वाटते की वायू निघून गेला. प्रमाण हजाराच्या आसपास गेले की एक-दोन श्वासांत माणूस कोसळतो. एक पडला, त्याला वाचवायला दुसरा उतरला, मग तिसरा उतरला आणि तिघेही गेले, अशा बातम्या आपण वाचतो. त्यामागचे कारण हे आहे.

हा वायू अभियंत्यांनाही चांगला ठाऊक आहे. तो पाइपच्या वरच्या बाजूला साचतो, तिथे त्याचे गंधकाम्ल होते आणि ते काँक्रीट खाऊन टाकते. पाइप पोखरतो म्हणून त्याचा अभ्यास झाला आणि पाइपला आतून अस्तरे लावली गेली. पाइपसाठी जे ज्ञान वापरले, ते माणसासाठी नियमात आले नाही.

तक्त्यातल्या बाकीच्या आकड्यांकडेही पाहा. गाळ आणि तरंगते कण नदीत सोडताना लिटरला १०० मिलिग्रॅमपर्यंत चालतात, मलवाहिनीत ६०० पर्यंत. बीओडी नदीसाठी ३०, मलवाहिनीसाठी ३५०. तेल आणि ग्रीस नदीसाठी १०, मलवाहिनीसाठी २०. सायनाइड नदीसाठी ०.२, मलवाहिनीसाठी २, म्हणजे दहापट. यामागचा तर्क असा की गटाराच्या शेवटी प्रक्रिया केंद्र आहे, तिथे पाणी स्वच्छ होईल, मग सुरुवातीला सवलत द्यायला हरकत नाही. प्रक्रिया केंद्राच्या दृष्टीने हा तर्क ठीक असेलही. पण कारखाना आणि केंद्र यांच्यामध्ये काही किलोमीटर पाइप असतो. त्यात गाळ बसतो, ग्रीस साचते आणि गटार तुंबते. तुंबले की कुणाला तरी उतरवतात. सवलतीचा हिशेब करणाऱ्यांच्या नजरेत हा मधला टप्पा नाही, कारण त्या टप्प्यात त्यांच्या घरातले कुणी नसते.

१९९३ : सतरा दिवसांच्या अंतराने दोन कागद

अनुसूची ६ नियमांत आली ती १९ मे १९९३ च्या अधिसूचनेने. त्यानंतर सतराच दिवसांनी, ५ जून १९९३ ला, हाताने मैला उचलण्यासाठी माणसे नेमण्यास आणि कोरडे संडास बांधण्यास बंदी घालणाऱ्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. ५ जून हा जागतिक पर्यावरण दिन आहे.

एकाच देशात, एकाच उन्हाळ्यात हे दोन कागद निघाले. एकात गटारात काय सोडायचे ते ठरले, पण गटारात उतरणारा माणूस त्यात नव्हता. दुसऱ्यात मैला वाहणारा माणूस होता, पण व्याख्या हाताने मैला वाहून नेण्यापुरती असल्याने गटारात उतरणारा कामगार त्यातही बसला नाही. पर्यावरणाच्या कायद्याने त्याला कामगारांचा विषय मानले आणि मैलामुक्तीच्या कायद्याने गटाराला त्याची कक्षा मानली नाही. तो माणूस दोन्ही फायलींच्या मधल्या फटीत पडला. शिवाय बंदीचा हा कायदा महाराष्ट्रासह पहिल्या काही राज्यांत प्रत्यक्ष लागू व्हायला २६ जानेवारी १९९७ उजाडला.

'त्या काळात एवढे कोण बघत होते' असे कुणी म्हणेल. त्यांनी अमेरिकेचा नियम पाहावा. तिथल्या पर्यावरण संस्थेने सार्वजनिक गटारात सोडायच्या औद्योगिक पाण्याच्या नियमांत १९९० मध्ये एक स्पष्ट मनाई घातली. ज्या पदार्थांमुळे गटार यंत्रणेत विषारी वायू, बाष्प किंवा धूर तयार होऊन तिथल्या कामगारांच्या आरोग्याला आणि सुरक्षेला तीव्र धोका होईल, ते सोडता येणार नाहीत. त्या नियमात 'कामगार' हा शब्द आहे. आपली अनुसूची तीन वर्षांनंतर आली. नमुना उपलब्ध होता. तिथे गटारात उतरणाऱ्याला कामगार म्हटले गेले. इथे त्याला आधी जात म्हणून पाहिले गेले आणि जातीचे काम हे नियमनाचा नव्हे, नशिबाचा विषय मानले गेले.

२०१३ नंतर

२०१३ चा नवा कायदा ६ डिसेंबरला, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाण दिनी, अमलात आला. त्याच्या कलम ७ ने गटार आणि सेप्टिक टँकच्या धोकादायक सफाईवर बंदी आली. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत. मार्च २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सफाई कर्मचारी आंदोलनाच्या याचिकेवर १९९३ पासूनच्या गटार-मृत्यूंसाठी १० लाखांची भरपाई ठरवली. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती ३० लाख झाली. जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने मुंबईसह सहा महानगरांत हाताने गटारसफाई थांबवायला सांगितले. ही सगळी चळवळीची कमाई आहे आणि ती लहान नाही.

तरीही २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत गटार आणि सेप्टिक टँकच्या सफाईत ३७७ माणसे मेली, असे केंद्र सरकारनेच संसदेत सांगितले. सरकारच्या 'नमस्ते' योजनेत २०२४ पर्यंत नोंदवलेल्या सुमारे ३८,००० गटार कामगारांपैकी जवळपास ६९ टक्के अनुसूचित जातींचे होते. इतर मागास आणि आदिवासी धरले तर हे प्रमाण ९२ टक्क्यांच्या आसपास जात होते. जात संपली म्हणणाऱ्यांनी हा आकडा पाठ करावा.

आता जबाबदारीची साखळी बघा. माणूस मेला की ठेकेदारावर बोट जाते. कधी सोसायटीवर जाते, क्वचित अधिकाऱ्यावर जाते. भरपाई बहुतेक वेळा सार्वजनिक तिजोरीतून निघते. गटारात आम्ल, सल्फाइड, ग्रीस किंवा गरम पाणी सोडणारा या साखळीत कुठेच नसतो. उलट त्याची बाजू आणखी सोपी झाली आहे. जन विश्वास कायदा, २०२३ मुळे १ एप्रिल २०२४ पासून पर्यावरण संरक्षण कायद्यातली कैदेची शिक्षा जाऊन तिच्या जागी १० हजार ते १५ लाखांचा आर्थिक दंड आला. एका जिवाची भरपाई ३० लाख आणि विष सोडणाऱ्याला जास्तीत जास्त १५ लाख, तोही पकडला गेला तर.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप आपल्याच मित्रांचा असतो. 'आपली मागणी माणूस गटारात उतरूच नये ही आहे. मग गटारातल्या वायूवर मर्यादा मागणे म्हणजे उतरणे मान्य करणे नाही का?' हा आक्षेप प्रामाणिक आहे. माझे उत्तर असे : उतरण्यावरची बंदी ही पहिली मागणी आहे आणि तिच्यात तडजोड नाही. पण २०१३ च्या नियमांतही अपवाद ठेवले आहेत. 'अत्यावश्यक' म्हणून लेखी परवानगीने माणूस उतरवण्याची वाट तिथे खुली आहे. यंत्रे आली तरी मॅनहोलच्या तोंडाशी आणि पंपिंग स्टेशनमध्ये माणसे उभी असतात. शिवाय घरगुती मैल्यातूनही हा वायू बनतो, त्यामुळे नुसती कारखान्यावर मर्यादा घालून गटार सुरक्षित होणार नाही. म्हणून दोन्ही मागण्या एकत्र हव्यात. बंदी माणसाला बाहेर काढेल आणि मर्यादा विष सोडणाऱ्याला जबाबदार धरेल. आज फक्त पहिल्या बाजूचा कायदा आहे आणि तोही पाळला जात नाही.

दुसरा आक्षेप पर्यावरणवाल्यांचा. 'ही तांत्रिक मानके आहेत, यात जात कशाला आणता? शिवाय माशांची चाचणी आहेच, विषारी पाणी तिथेच अडकेल.' तर मासा कारखान्याच्या नळाशी तपासला जातो आणि माणूस काही किलोमीटर पुढे मॅनहोलच्या तळाशी असतो. नळाशी जे पाणी माशाला चालते, त्यातूनच पुढे गाळात सल्फाइड तयार होऊ शकते. आणि जात आम्ही आणलेली नाही. १८८८ च्या कायद्यात कराला जातीचे नाव देणाऱ्यांनी ती आधीच कागदावर आणून ठेवली आहे. आम्ही फक्त ती वाचून दाखवतो आहोत.

आपण काय करायचे

पहिले, माहितीचा अधिकार वापरा. आपल्या शहरात कोणकोणत्या उद्योगांना आणि मोठ्या आस्थापनांना महापालिकेच्या मलवाहिनीत पाणी सोडण्याची संमती आहे, त्यांची यादी मागा. त्यांचे नमुने शेवटचे कधी घेतले आणि निकाल काय आला, ते विचारा.

दुसरे, गटार-मृत्यू झाला की पंचनाम्यात दोन गोष्टींचा आग्रह धरा : मॅनहोलमधल्या वायूंचे मोजमाप आणि गटारातल्या पाण्याचा सीलबंद नमुना. हे त्याच दिवशी झाले नाही तर पुरावा वाहून जातो. २०१३ च्या कायद्याची कलमे लावायला सांगाच. मृत अनुसूचित जातीचा असेल आणि त्याच्याकडून हाताने मैला काढून घेतला असेल तर ॲट्रॉसिटी कायद्याचे कलम ३(१)(जे) लावण्याचीही मागणी करा. आणि वरच्या बाजूने कोण काय सोडत होते, याच्या चौकशीचा मुद्दा तक्रारीतच लिहा.

तिसरे, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे निवेदने द्या. कारणे नोंदवून विशिष्ट उद्योगासाठी किंवा ठिकाणासाठी अनुसूचीपेक्षा कडक मर्यादा घालण्याचा अधिकार नियम ३-अ ने राज्य मंडळांना दिलेला आहे. केंद्राकडे मागणी अशी हवी की मलवाहिनीच्या रकान्यातली सल्फाइडची आडवी रेघ काढून तिथे आकडा लिहा, आणि गटारात काम करणाऱ्या माणसाच्या जिवाला धोका करणारे काहीही सोडता येणार नाही, असे स्पष्ट वाक्य नियमात घाला.

तथागतांनी दुःखाचे कारण शोधायला शिकवले. कारण आहे म्हणून दुःख आहे, कारण दूर केले तर दुःख दूर होते. गटार-मृत्यूच्या बाबतीत आपण आजवर मृत्यूनंतरच्या टोकाशी लढलो. आता कारणाच्या टोकालाही हात घालू या. पुढच्या शोकसभेला जाताना भरपाईच्या अर्जाबरोबर तो चार रकान्यांचा तक्ताही बरोबर घ्या, आणि अधिकाऱ्याला त्या रेघेवर बोट ठेवून विचारा की इथे आकडा का नाही.

जय भीम! नमो बुद्धाय!